कापसाची वेचणी आणि शाळेची हजेरी
चाळीसगाव तालुक्यातील शरदाचे दिवस

भाद्रपद सरत आला की चाळीसगाव तालुक्यात शेत आणि शाळा या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी लगबग सुरू होते. गिरणेच्या काठच्या काळ्या जमिनीत कापसाची बोंडे उमलू लागतात, मक्याची कणसे वाळू लागतात, बाजरी खळ्यावर येते आणि दादर व हरभऱ्यासाठी रान तयार करावे लागते. तिकडे शाळेत पहिल्या सत्राची चाचणी जवळ आलेली असते. केंद्रपातळीवरील क्रीडास्पर्धांसाठी कबड्डी व खो-खो यांचे संघ निवडले जात असतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात व खाऊ ओळखण्याचा खेळ खेळतात. १५ ऑक्टोबर रोजी वाचन प्रेरणा दिन साजरा होतो, मग दिवाळीची सुटी लागते आणि सुटीनंतर दुसरे सत्र सुरू होते.

शरद ऋतू अशा रीतीने विद्यार्थिजीवनातील मोठा आनंदाचा काळ आहे. परंतु याच काळात अनेक शाळांतील हजेरीपट रिकामा होऊ लागतो, ही गोष्टही गावपातळीवरील कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. त्याची कारणे बहुतांशी शेतीत आहेत, म्हणून त्यांचा विचार शेतीविषयक पत्रिकेत होणे योग्यच आहे.

गावाने पोसलेली शाळा

शाळा ही गावाच्या उत्पन्नावर व गावाच्या आस्थेवर चालते, ही कल्पना या तालुक्याला नवी नाही. चाळीसगावच्या दक्षिणेस सातमाळ्याच्या डोंगरापायथ्याशी असलेल्या पाटण येथे शके ११२८ मधील (इ. स. १२०६-०७) एक शिलालेख आहे. विख्यात गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला व निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्यास दान दिले, असे त्यात नमूद आहे. लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील काही हिस्सा, गिऱ्हाइकाकडून सुपाऱ्या आणि प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल या मठास द्यावे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी या भूमीतील एक विद्यालय शेतमालाच्या पळीपळीने पोसले जात होते.

आज प्राथमिक शाळांचा खर्च शासन व जिल्हा परिषद करते. १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यापासून ग्रामीण शाळांचा कारभार त्यांच्याकडे आहे. गावाकडे पळीभर तेल कोणी मागत नाही; मागावयाचे आहे ते एवढेच की, मुलाचा शाळेतील दिवस शेताने घेऊ नये.

वेचणीची वेळ आणि शाळेची वेळ

कापसाची वेचणी आणि शाळा यांचा विरोध का येतो, हे नीट पाहिले पाहिजे. पहाटेच्या दवाने कापूस ओलसर झालेला असतो. ओला कापूस वेचून साठविल्यास तो पिवळा पडतो, सरकी बिघडते व भाव कमी येतो. यासाठी दव उडाल्यावरच वेचणी करावी, असा सल्ला आम्ही नेहमी देतो. याचा परिणाम असा की, वेचणीचे तास आणि शाळेचे तास तंतोतंत एकच होतात. शिवाय वेचणीची मजुरी किलोवर असते, तेव्हा घरातील जितके हात अधिक तितके वजन अधिक. एकाच पंधरवड्यात सर्व गावाचा कापूस फुटतो, मजूर मिळत नाही, आणि मग सहावी-सातवीतील मुलाच्या हाती झोळी येते. धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी मुलगी घरी राहते, ती तर वेचणीच्या हिशेबात कोठे दिसतही नाही.

मुलगा आठ दिवसच गेला, त्यात काय बिघडले, असे पालक म्हणतात. परंतु वेचणी एकदा होत नाही. तीन-चार वेळा होते. प्रत्येक वेळी आठ दिवस धरले तरी महिनाभर शाळा बुडते. गणितात भागाकार चुकला की अपूर्णांक कळत नाही, अपूर्णांक न कळल्यास शेकडेवारी कळत नाही. मागे पडलेल्या मुलास वर्गात बसण्याची लाज वाटू लागते आणि पुढील वर्षी तो आपण होऊनच शाळा सोडतो. शाळा एका दिवसात सुटत नाही. ती वेचणीवेचणीने सुटते.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क आहे. बालमजुरीविषयक कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलास कोठेही कामावर ठेवता येत नाही. स्वतःच्या कुटुंबास शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत, धोक्याचे नसलेल्या कामात हातभार लावणे तेवढे चालते. कीटकनाशक फवारलेल्या शेतात मुलास पाठविणे हे मात्र त्याच्या प्रकृतीच्या दृष्टीने कधीही योग्य नाही.

शेतकऱ्यांनी काय करावे

पहिली गोष्ट, वेचणीचे नियोजन करावे. साधारणतः एकतृतीयांश बोंडे पूर्ण फुटल्यावर पहिली वेचणी करावी व त्यानंतर पंधरा ते वीस दिवसांच्या अंतराने पुढील वेचण्या कराव्यात. रोज थोडाथोडा कापूस वेचल्याने मजुरीचे दिवस वाढतात व मुलांना घरी ठेवण्याचा मोह होतो.

दुसरी गोष्ट, सावड करावी. पाच-सहा कुटुंबांनी एकमेकांच्या शेतात आळीपाळीने वेचणी केल्यास मजुरांची ओढाताण कमी होते. लागवडीच्या वेळीच शेजाऱ्यांनी थोड्या दिवसांच्या फरकाने पेरणी केली व वेगवेगळ्या मुदतीचे वाण निवडले, तर सर्वांचा कापूस एकाच आठवड्यात फुटत नाही.

तिसरी गोष्ट, सहा वर्षांखालील भावंडास अंगणवाडीत पाठवावे. आई शेतात आणि बाळ अंगणवाडीत असेल, तरच मोठी बहीण शाळेत जाऊ शकेल.

ऊसतोडीस जाणारी कुटुंबे

डोंगरालगतच्या तांड्यांचा व वाड्यांचा प्रश्न याहून कठीण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात व गाळप हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडावयाची असते, तेव्हा जाऊ नका असे सांगून उपयोग नाही. परंतु आईबाप गेले म्हणून मुलाने गेलेच पाहिजे, असेही नाही.

आजी-आजोबा किंवा अन्य नातलग गावी असल्यास मुलास त्यांच्याजवळ ठेवता येते व अशा मुलांच्या भोजनासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ साली सुरू झाली आहे. मुलास बरोबर न्यावयाचेच असेल, तर निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्यावे. ते दाखविल्यावर कारखान्याच्या परिसरातील शाळेत त्याच्या इयत्तेत त्याला बसता येते. दाखला नाही या कारणास्तव प्रवेश नाकारता येत नाही.

येथे कार्यकर्त्यांनी वेळ साधली पाहिजे. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर निघून गेल्यावर यादी करण्यात अर्थ नाही. दसऱ्यापूर्वीच प्रत्येक तांड्यात फिरून, कोण जाणार, कोणती मुले मागे राहू शकतात, त्यांच्याजवळ कोण राहील, याची नोंद घ्यावी व ती मुख्याध्यापकांस द्यावी.

शाळेची परसबाग

शाळेकडे मुलांचे मन ओढण्यास परसबागेसारखे साधन नाही. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलामागे ७५ ग्रॅम भाजी धरलेली आहे. साठ मुलांच्या प्राथमिक शाळेस रोज ३ किलो भाजी लागते. ही सर्व गरज परसबाग भागवील असे नव्हे. परंतु आठवड्यातून दोन दिवस जरी मुलांनी पिकविलेली ताजी पालेभाजी खिचडीबरोबर मिळाली, तरी त्यांच्या आहारात मोठा फरक पडतो.

पाऊस ओसरताच वाफे तयार करावेत. वाफ्याची रुंदी एक मीटरपेक्षा अधिक नसावी, म्हणजे मुलांचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचतो व माती तुडविली जात नाही. मेथी, पालक, कोथिंबीर व मुळा यांची पेरणी दहा-दहा दिवसांच्या अंतराने करावी. मेथी महिनाभरात काढणीस येते. कुंपणाच्या कडेने शेवगा लावावा. तो एकदा लागला की वर्षानुवर्षे पाला व शेंगा देतो. खानदेशात भरताच्या वांग्याची आवड सर्वांना आहे, तेव्हा दहा-वीस रोपे त्याचीही असावीत. जेवणापूर्वी हात धुतल्याचे पाणी चारीने बागेत सोडावे.

दिवाळीच्या सुटीत बहुतेक परसबागा सुकतात. सुटी लागण्यापूर्वीच पाण्याची पाळी ठरवून तिचा तक्ता शाळेच्या दारावर लावावा व शाळा व्यवस्थापन समितीच्या एका सभासदाने तीवर लक्ष ठेवावे.

विद्यार्थ्यांची बीजपरीक्षा

नवरात्रात घरोघर घट बसतात व परडीतील मातीत धान्य उगवते. कोणते धान्य जोमाने उगवले हे मुले कुतूहलाने पाहतात. याच कुतूहलास शास्त्राची जोड द्यावी. रब्बीसाठी घरी राखलेले, औषध न लावलेले बियाणे प्रत्येक मुलाने शाळेत आणावे. पोत्याच्या निरनिराळ्या भागांतून घेतलेले १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे व ओल राखावी. आठवड्याने निरोगी कोंब मोजावेत. हरभरा व गहू यांची उगवण किमान ८५ टक्के व ज्वारीची ७५ टक्के असावी, असे प्रमाणित बियाण्याचे मान आहे.

समजा, हरभऱ्याचे ७० दाणेच उगवले. एकरी ३० किलो बियाणे पेरणाऱ्या शेतकऱ्यास तेवढीच रोपे मिळण्यासाठी सुमारे ३६ किलो बियाणे लागेल, किंवा बियाणे बदलावे लागेल. हे गणित त्रैराशिकाचे आहे, आणि त्रैराशिक भास्कराचार्यांनी आपल्या ‘लीलावती’त शिकविले आहे. पाटणच्या परिसरातील मुलाने ते आपल्या बापाच्या शेतासाठी सोडविले, तर शाळेत शिकलेले घरी उपयोगी पडते, हे पालकास निराळे पटवून द्यावे लागणार नाही. मुलगा वेचणीला गेल्याने घरात काही किलोंची मजुरी येते. तोच मुलगा शाळेत राहिल्याने पेरणी फसण्याचे संकट टळू शकते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना विनंती आहे की, या शरदात त्यांनी शाळेस एकदा तरी भेट द्यावी, हजेरीपट पाहावा आणि गैरहजर मुलांची नावे घेऊन त्यांच्या शेताच्या बांधावर जावे. तेथे उपदेश न करता वेचणी केव्हा, मजूर किती, सावड कोणाशी, एवढेच विचारावे. अडचण शेतीची असेल, तर तिचा मार्गही शेतीतच सापडेल. कापूस दोन दिवस उशिरा वेचला तरी तो घरी येतो. मुलाचे गेलेले वर्ष मात्र परत येत नाही.