कामाच्या दिवसातली सजगता

सजगता म्हणजे या क्षणी शरीरात, मनात आणि भोवताली जे चालले आहे, त्याकडे बरे-वाईट न ठरवता लक्ष देणे. विचार थांबवणे किंवा मन रिकामे करणे हा तिचा हेतू नाही. श्वासाकडे लक्ष लावले की थोड्याच वेळात ते घराच्या हप्त्याकडे, नाहीतर साहेबांच्या ईमेलकडे धावते. ते धावले हे ध्यानात येणे आणि त्याला पुन्हा श्वासावर आणणे, हाच खरा सराव. ‘आपले मन लागत नाही’ म्हणून जो सोडून देतो, तो सराव जिथे सुरू होतो नेमका तिथूनच उठून जातो.

या साधनेचे मूळ बौद्ध परंपरेत आहे. पालीतील सतिपट्ठान सुत्तात श्वासाबरोबरच चालणे, उभे राहणे, खाणे-पिणे अशा रोजच्या क्रियांकडेही जाणीवपूर्वक पाहायला सांगितले आहे. याच परंपरेतल्या विपश्यना या ध्यानपद्धतीचे शिक्षक सत्यनारायण गोएंका 1969 मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि पुढे इगतपुरीचे धम्मगिरी हे विपश्यनेचे मोठे केंद्र झाले. 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्याने त्रासलेल्या रुग्णांसाठी सजगतेचे वर्ग सुरू केले. त्यांतून आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम घडला आणि हा विषय रुग्णालयांत, मग कंपन्यांत पोहोचला.

विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर नोकरदाराला सहज जमत नाही. त्यामुळे सराव दिवसात आधीच असलेल्या एखाद्या कृतीला जोडलेला बरा. लोकलमध्ये बसायला मिळो वा न मिळो, दोन स्टेशनांपुरता मोबाईल खिशात ठेवून तळपायांवर पडणारा भार, हाताला लागणारी दांडी, डब्यातले आवाज यांकडे लक्ष देता येते. गर्दी त्यात अडथळा ठरत नाही, कारण त्या वेळी तीच लक्ष देण्याची गोष्ट असते. जेवणाच्या सुट्टीत डब्यातले पहिले चार घास तरी स्क्रीनकडे न पाहता, चव घेत खावेत.

श्वासाचा उपयोग तर शरीरशास्त्रानेच समजतो. श्वास सोडताना व्हेगस या मज्जातंतूच्या प्रभावामुळे हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून मीटिंगला जाण्यापूर्वी किंवा रागाने उत्तर टंकण्यापूर्वी पाच-सहा श्वास सावकाश घ्यावेत आणि सोडताना थोडा अधिक वेळ द्यावा. एवढे कोणालाही, जागेवर बसून, कोणाच्या लक्षातही न येता करता येते.

कार्यालयात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते एक काम सोडून दुसरे हाती घेतानाच्या क्षणाकडे. अर्धवट राहिलेल्या कामात मनाचा काही भाग अडकून राहतो, असे संशोधक सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये दाखवून दिले. काम कुठे थांबले आणि पुढे काय करायचे, याची एक ओळ लिहून मगच उठावे. ही सवय साधी असली तरी उपयोगी आहे.

अपेक्षा मात्र माफक हव्यात. 47 चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या 2014 च्या अभ्यासात सजगतेच्या ध्यानाने चिंता, नैराश्य आणि वेदना थोड्या ते मध्यम प्रमाणात कमी झाल्याचे दिसले. व्यायाम किंवा औषधांपेक्षा ते सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. काहींना डोळे मिटून बसल्यावर अस्वस्थता वाढते. त्यांनी डोळे उघडे ठेवून चालताना सराव करावा. कामाचा बोजाच अवाजवी असेल, तर तो कमी करणे ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे. श्वास मोजायला सांगून ती टाळता येणार नाही. झोप उडाली असेल, उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर सरावावर भिस्त न ठेवता डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.