आजचा दिवस कोणाचा?

पेन्शनीत निघालेल्या माणसाचे पहिले नुकसान पगाराचे नसते, वारांचे असते. पगार अर्ध्यावर येणार हे आधीपासून ठाऊक असते. पण सोमवारचा कंटाळा आणि शनिवारचा हुरूप ही दोन्ही एका महिन्याच्या आत नाहीशी होतील, हे कोणी सांगून ठेवलेले नसते. पस्तीस वर्षे रविवारची वाट पाहिलेला माणूस भर रविवारी सकाळी "आज वार कोणता?" असे विचारतो, आणि घरची मंडळी त्याच्या प्रकृतीची काळजी करू लागतात.

मला या संकटातून एका फळ्याने सोडवले. आमच्या पेठेतील वाचनालयाच्या दाराशी एक काळा फळा आहे. त्यावर सुविचार आणि त्याखाली दिनविशेष, असा तेथला जुना रिवाज. लिहिणारे गृहस्थ मुलाकडे बंगळूरला राहायला गेले आणि खडूची पेटी आपसूक माझ्याकडे आली. ३१ मे २०१७ रोजी मी नोकरीतून मोकळा झालो होतो. जुलैपासून या नव्या नोकरीवर रुजू झालो. पगार नाही, पण रजाही नाही.

फळ्याने मला वार परत दिले नाहीत. मात्र प्रत्येक दिवसाला एक तोंडवळा दिला. २७ फेब्रुवारी म्हणजे १९१२ साली झालेला कुसुमाग्रजांचा जन्म. २८ फेब्रुवारी म्हणजे १९२८ सालचा रामन परिणाम. १६ एप्रिल उजाडला की १८५३ सालची बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांसह डोळ्यांपुढून धडधडत जाते. ३ मे आला की गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात, १९१३ साली, दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागतो.

वाचनालयाच्या पायरीवर बसणारी मंडळी हे सारे नुसते वाचत नाहीत, तपासतात. "अहो भाऊसाहेब, ऑक्टोबर क्रांती ७ नोव्हेंबरला कशी लिहिलीत?" असा प्रश्न दरवर्षी येतो. रशियात १९१७ साली जुनी कालगणना चालू होती. तिच्याप्रमाणे तो दिवस २५ ऑक्टोबर होता, एवढेच याचे उत्तर. न्यूटनची गोष्टही तशीच. इंग्लंडच्या तेव्हाच्या पत्रिकेप्रमाणे तो १६४२ च्या नाताळात जन्मला. आजच्या हिशेबाने ती तारीख ४ जानेवारी १६४३ होते. इंग्रजांनी नवी कालगणना स्वीकारली ती १७५२ साली. त्या वर्षी २ सप्टेंबरला झोपलेली माणसे दुसऱ्या दिवशी उठली ती एकदम १४ तारखेला! मधले अकरा दिवस कोणाच्याच आयुष्यात आले नाहीत, आणि त्या दिवसांचा दिनविशेषही नाही.

पण या उद्योगात मला सर्वांत अधिक विचार करायला लावले ते १ ऑगस्टने. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे देहावसान झाले आणि सारा देश शोकात बुडाला. त्याच तारखेला, दूर वाळवे तालुक्यात वाटेगावी, अण्णा भाऊ साठे जन्माला आले. मी दरवर्षी या दोन ओळी एकाखाली एक लिहितो. त्या दिवशी एखाद्या फळ्यावर कोणी लिहीत असता, तर पहिली ओळ त्याने लिहिलीच असती. दुसरी लिहिणे कोणालाही शक्य नव्हते. आजचा दिवस कोणाचा, हे त्या दिवसाला ठाऊक नसते. ते मागाहून ठरते. आणि तेही कोणीतरी टिपून ठेवले असेल तरच.

हे टिपून ठेवणारे कोण असतात, ते पाहण्यासारखे आहे. शिवाजी महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ चा, की फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ चा, हा वाद महाराष्ट्रात कित्येक वर्षे गाजला. जेधे शकावली उजेडात आल्यावर दुसऱ्या तिथीचे पारडे जड झाले, आणि १९ फेब्रुवारी १६३० ही आज सरकारदरबारी मानली जाणारी तारीख तिच्याशीच जुळते. ही शकावली कोणा दरबारी पंडिताने लिहिलेला ग्रंथ नव्हे. भोरकडच्या कारी गावचे देशमुख जे जेधे, त्यांच्या घरच्या दप्तरातले ते टाचण. शक, तिथी आणि पुढे काय घडले त्याची ओळ-दोन ओळी, इतकेच. लोकमान्यांनी ते छापून प्रसिद्ध केले. एका घराने केलेली नोंद अशी साऱ्या महाराष्ट्राच्या उपयोगी पडली.

आता माझ्या स्वतःच्या तारखेविषयी. १ जून हा दिवस फळ्यासाठी मोठा भाग्याचा. १९२९ साली याच दिवशी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली, १९३० साली दख्खनची राणी मुंबई-पुण्यामध्ये धावू लागली आणि १९४८ साली एस. टी.ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली. शिवाय, वाचकहो, माझ्या पिढीतल्या महाराष्ट्राचा केवढा तरी भाग याच दिवशी जन्मला आहे! शाळेत नाव घालताना जन्मतारीख सांगता आली नाही, की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. जो महिन्याच्या एक तारखेला जन्मला, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त व्हायचा, असा सरकारी नियम; त्यामुळे ३१ मे रोजी कचेऱ्यांतून निरोपसमारंभांची अशी झुंबड उडते की हार आणि नारळ पुरत नाहीत.

मीही त्यातलाच. कागदोपत्री माझा जन्म १ जून १९५९ चा. पुरंदर तालुक्यातल्या आमच्या गावी आईचा हिशेब वेगळा होता. "आखाड लागला हुता, पेरण्या उरकल्या हुत्या. अन् पानशेत फुटलं तवा तू माझ्या कडंवर हुतास," एवढे ती सांगे. पानशेत फुटले १२ जुलै १९६१ रोजी. वडील तेव्हा पुण्यात हमालीला होते आणि दोन दिवस त्यांचा पत्ता नव्हता. पुण्याच्या इतिहासातला तो महापूर आमच्या घरात 'तुझा बाप सापडत नव्हता ते दोन दिवस' या नावाने राहिला.

फळ्याचे काम माझ्याकडे आले तेव्हा आई होती. रोज तू काय लिहितोस, असे तिने एकदा विचारले. मी दोन-चार दिवसांचे वाचून दाखवले. तिने सारे शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "समदी मोठी मानसं हायेत. आपल्याकडचं काय हाय त्यात?"

मी विचारले, "तुझ्या ध्यानात कोणता दिवस आहे?"

तिला विचार करावा लागला नाही. बाहत्तरच्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर खडी फोडायला पहिल्यांदा गेली तो दिवस. "पोळ्याच्या दुसऱ्या दिशी. बैल इकले हुते, म्हणून पोळा आला अन् तसाच गेला."

आमच्याकडे पोळा भाद्रपदी अमावास्येचा. वाचनालयातले जुने पंचांग काढून पाहिले. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे घटस्थापना, तारीख ८ ऑक्टोबर १९७२. घरात घट बसवून ती हातोडी घेऊन निघाली असणार. माझ्या शाळेची फी त्या हातोडीतून आली, हे मला माहीत होते; तिला त्यासाठी एक दिवस नेमका आठवत असेल, हे माहीत नव्हते.

त्या दिवसापासून घरी एक वेगळी वही ठेवली. फळ्यावर जाते ते तीत उतरवतो आणि खाली घरची ओळ लिहितो. ८ ऑक्टोबरचे पान असे आहे : १९३२, भारतीय हवाई दलाची स्थापना. १९३६, प्रेमचंद यांचे निधन. १९७२, आई प्रथम खडी फोडायला गेली. १९७९, जयप्रकाश नारायण यांचे निधन. तिला ते पान वाचून दाखवले तेव्हा, जयप्रकाश कोण, असे तिने विचारले. स्वतःच्या ओळीविषयी काही बोलली नाही. पण मग आठवडाभर रोज संध्याकाळी तिने मला हाक मारून एकेक दिवस सांगितला. धाकटीचा जन्म कोयनेच्या भूकंपाच्या थंडीत, म्हणजे १९६७ च्या डिसेंबरातला. विहिरीला पाणी लागले ते नागपंचमीला. २०१९ साली ती गेली. त्यानंतर विचारायला कोणी उरले नाही. जे लिहून झाले तेवढेच राहिले.

दिवाळी सरता सरता आम्हा पेन्शनरांना हयातीच्या दाखल्याची आठवण होते. नोव्हेंबरात बँकेत जाऊन, किंवा हल्ली घरबसल्या मोबाईलपुढे तोंड धरून, आपण जिवंत आहोत असे सरकारला पटवावे लागते. सरकारचे काम तेवढ्याने भागते. आपण काय जगलो आणि आपल्यासाठी कोण काय जगले, हे विचारणारा रकाना त्या कागदावर नसतो, आणि तो असावा असे म्हणणेही वावगे ठरेल. तो रकाना घरच्यांनीच भरायचा.

पाडव्याला व्यापारी नवी वही घालतात. तुमचे दुकान नसले तरी यंदा एक वही आणा. घरात जे कोणी सर्वांत वडीलधारे माणूस असेल, त्याच्यापाशी फराळाचे ताट घेऊन बसा आणि एखादा दिवस विचारा. तारीख सांगता आली नाही तर आग्रह धरू नका. सण विचारा, पूर विचारा, दुष्काळ विचारा, कोणते पीक शेतात उभे होते ते विचारा. बाकीचे पंचांग सांगेल. आणि लिहिताना शब्दांची चिंता नको. एक ओळ पुरे. जेध्यांनीही तेवढीच लिहिली होती.