जुन्या ट्रॅक्टरला कोणते तेल मानवते?

इंजिनचे तेल वेळेवर बदलावे, हे बहुतेक ट्रॅक्टरमालकांना ठाऊक असते. मात्र आसनाखालच्या पोलादी पेटीतील तेलाकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. गिअर, डिफरन्शियल आणि नांगर उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट यांचे आयुष्य त्याच तेलावर अवलंबून असते. शहरात राहून गावची शेती सांभाळणाऱ्यांनी, किंवा जुना ट्रॅक्टर विकत घेणाऱ्यांनी, हा विषय समजून घेणे हिताचे ठरते.

या प्रश्नाचे मूळ ट्रॅक्टरच्या रचनेत आहे. हॅरी फर्ग्युसन यांनी अवजार उचलण्यासाठी हायड्रॉलिक यंत्रणा व तीन बिंदूंची जोडणी रूढ केली. १९४६ पासून इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री येथे तयार झालेल्या 'टीई २०' या ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिक पंप गिअरबॉक्सच्या मागील भागात, तेलात बुडवून बसविलेला होता. पुढे मॅसी फर्ग्युसन ३५ आणि १३५ या ट्रॅक्टरांतही हीच पद्धत कायम राहिली. १९६० साली चेन्नईत स्थापन झालेल्या 'टाफे' कंपनीमुळे मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर भारतीय शेतकऱ्याच्या परिचयाचे झाले.

अशा ट्रॅक्टरमध्ये गिअर, डिफरन्शियल आणि पंप या तिघांना एकच तेल पुरवावे लागते. पण त्यांच्या गरजा परस्परविरोधी असतात. गिअरच्या दातांवर प्रचंड दाब येत असल्याने तेथे भक्कम थर धरणारे तेल लागते. पंपाला मात्र सहज ओढता येईल असे पातळ तेल हवे असते. थंडीच्या सकाळी घट्ट तेल गाळणीतून पुरेसे येत नाही. पंप उपाशी राहतो, आवाज करतो आणि लिफ्ट संथ होते. उलट, केवळ हायड्रॉलिक यंत्रांसाठी बनविलेले पातळ तेल भरल्यास लिफ्ट चपळ चालते, पण गिअरचे दात झिजू लागतात.

येथे आकड्यांमुळेही गोंधळ होतो. गिअर तेल आणि इंजिन तेल यांच्या घट्टपणाची मापने वेगवेगळी आहेत. गिअर तेलाचा ८० हा क्रमांक इंजिन तेलाच्या साधारण २० ते ३० क्रमांकाइतका, तर ९० हा ४० ते ५० क्रमांकाइतका असतो. त्यामुळे केवळ आकडा मोठा म्हणून तेल दणकट, हा समज चुकीचा आहे.

दुसरा धोका 'जीएल-५' प्रतीच्या तेलाचा. त्यात गंधक व फॉस्फरसयुक्त रसायनांचे प्रमाण 'जीएल-४' पेक्षा जवळजवळ दुप्पट असते. पोलादी दातांना ती उपकारक असली, तरी जुन्या यंत्रांतील पितळ व कांशाच्या बुशांना ती खाऊ शकतात. 'अधिक भारी ते अधिक चांगले' हा न्याय येथे लागू पडत नाही.

तिसरा मुद्दा ब्रेकचा. मॅसी फर्ग्युसन ३५ किंवा १३५ चे मूळचे ब्रेक कोरडे असतात. तेलाचा त्यांच्याशी संबंध नसतो. नंतरच्या अनेक ट्रॅक्टरांत मात्र ब्रेकच्या चकत्या तेलातच बुडालेल्या असतात. तेथे घर्षण नियंत्रित करणारी रसायने असलेले तेल नसेल, तर ब्रेक थरथरतात, कर्कश आवाज करतात व नीट लागत नाहीत. उतारावर भरलेली ट्रॉली ओढणाऱ्या चालकासाठी हा थेट जिवाचा प्रश्न ठरतो.

या सर्व गरजा भागविण्यासाठी 'यूटीटीओ' हे ट्रॅक्टरचे सर्वसमावेशक तेल विकसित झाले. मात्र त्यासाठी डब्यावर 'सर्व ट्रॅक्टरांसाठी' असे छापलेले असणे पुरेसे नाही. अमेरिकेत '३०३' या नावाने विकल्या जाणाऱ्या तेलाचे उदाहरण बोलके आहे. जॉन डिअर कंपनीच्या मूळ '३०३' तेलात स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल असे. १९७० च्या दशकात ते बंद झाले. तरीही त्या नावाने हलक्या प्रतीची तेले विकली जात राहिली. अखेर २०१७ मध्ये मिसुरी राज्याने त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. म्हणून जाहिरातीपेक्षा मानकाचा संकेतांक पाहावा. मॅसी फर्ग्युसनचा 'एम ११३५' किंवा जॉन डिअरचा 'जे २०सी' अशा स्वरूपाचे संकेतांक डब्यावर असतात. ते माहितीपुस्तिकेशी ताडून घ्यावेत.

तेल बदलण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. गिअर व हायड्रॉलिकची टाकी एकच आहे की स्वतंत्र? ब्रेक कोरडे आहेत की तेलातले? आणि जुन्या तेलाची स्थिती काय? तेल दुधाळ दिसत असेल, तर त्यात पाणी शिरले आहे. गिअर दांड्याचे फाटलेले रबरी आवरण हे त्याचे एक नेहमीचे कारण. ते दुरुस्त केल्याविना नवे तेल भरणे व्यर्थ होय. ट्रॅक्टर थोडा चालवून, तेल गरम असताना पूर्ण काढावे, गाळणी स्वच्छ करावी आणि मगच नवे भरावे. जुन्या तेलात निराळ्या प्रकारचे तेल मिसळू नये.

एका वेळी अनेक लिटर तेल लागत असल्याने स्वस्त डब्याचा मोह होतो. पण पंप किंवा गिअरचा संच बदलण्याचा खर्च, आणि ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा राहिल्याचे नुकसान, यांपुढे ती बचत नगण्य ठरते.