शिकता शिकता शिकविणे

बंगळूर शहराच्या पश्चिम भागात, चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाने वसलेल्या राजाजीनगर या वसाहतीत, कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे मोठे रुग्णालय आहे. विमाधारक कामगार व त्यांचे कुटुंबीय येथे उपचारार्थ येतात. रुग्णालयास जोडून वैद्यकीय महाविद्यालयही असल्यामुळे याच रुग्णांच्या खाटांभोवती उद्याचे डॉक्टर आपले पहिले धडे गिरवितात.

हे धडे देतो कोण? अशा कोणत्याही रुग्णालयात प्राध्यापकांची फेरी ठरलेल्या वेळी होते आणि संपते. उरलेल्या वेळी विद्यार्थ्याच्या हाताशी असतो तो निवासी डॉक्टर, म्हणजे स्वतः एम. डी. किंवा एम. एस. साठी शिकत असलेला पदव्युत्तर विद्यार्थी. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००० सालच्या विनियमांनी तर पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकविण्यात भाग घेणे हे त्याचे कर्तव्यच ठरविले. काम सोपविले गेले खरे. पण ते करावे कसे? विषय आला की शिकविणे आपोआप येते, हा आपल्या विद्यापीठांतील फार जुना आणि तितकाच चुकीचा समज होय.

एक साधे उदाहरण घेऊ. प्लीहा वाढू लागली की ती डाव्या बरगड्यांखालून उजवीकडे, ओटीपोटाच्या दिशेने उतरते. म्हणून तपासणाऱ्याने हात प्रथम पोटाच्या उजव्या खालच्या भागावर ठेवावा आणि रुग्णाच्या प्रत्येक खोल श्वासाबरोबर तो डाव्या बरगडीकडे सरकवीत न्यावा. थेट बरगडीपाशी आरंभ केल्यास हात प्लीहेवरच पडतो, तिची कड लागत नाही, आणि फार मोठी झालेली प्लीहाच नेमकी हातून निसटते! निवासी डॉक्टरचा हात सवयीने योग्य जागी जातो. ‘तेथूनच का?’ असे विचारले की मात्र तो क्षणभर अडखळतो. ज्ञान हातात मुरले की ते शब्दांतून नाहीसे होते. ते पुन्हा शब्दांत आणणे हीच अध्यापकाची खरी कसोटी.

त्यासाठीचा एक उपाय म्हणजे सूक्ष्म अध्यापन. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धती विकसित केली. पाच-दहा मिनिटांचा पाठ, मोजकेच श्रोते आणि एकच कौशल्य, उदाहरणार्थ प्रश्न विचारणे. पाठ संपताच त्याची चिकित्सा होते आणि तोच पाठ सुधारून पुन्हा द्यावयाचा असतो. हा ‘पुन्हा’ महत्त्वाचा. आपल्या अध्यापक महाविद्यालयांत ही पद्धती परिचित आहे. रुग्णालयाला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

परंतु रुग्णशय्येपाशी पाच मिनिटेही मिळतीलच असे नाही. त्या घाईसाठी नेहर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली एक आटोपशीर क्रम सुचविला. विद्यार्थ्याला आधी स्वतःचे निदान सांगावयास लावावे. ते कशावरून केले, हे विचारावे. मग एखादा सर्वसाधारण नियम सांगावा. जे बरोबर आले ते नेमके दाखवून द्यावे, आणि चूक दुरुस्त करावी. यातील पहिली पायरीच सर्वांत अवघड; कारण रात्रपाळीने थकलेल्या डॉक्टरला उत्तर स्वतःच सांगून मोकळे होणे सोपे वाटते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी पीएच. डी. च्या सर्वच संशोधकांना अध्यापनाचे प्रशिक्षण आवश्यक केले. इतर शाखांत फसलेला पाठ फळ्यावरून पुसता येतो. येथे खाटेवर एक जागा माणूस सारे ऐकत पडलेला असतो. म्हणून तपासण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी, आणि विद्यार्थ्याची कानउघाडणी करावयाची असेल तर ती व्हरांड्यात करावी.