साक्षरतेच्या आकड्यांत न दिसणारे

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला व १९०६ साली ते साऱ्या बडोदे संस्थानास लागू केले. त्या भूमीत रुजलेल्या आम्हां मराठी कुटुंबांस साक्षरतेचे आकडे परके नाहीत. मात्र ते कसे वाचावेत, हे पाहिले पाहिजे.

जनगणनेत १९९१ पासून सात वर्षे व त्यावरील वयाची जी व्यक्ती कोणतीही एक भाषा समजून वाचू-लिहू शकते, तिला साक्षर म्हणतात. २०११ साली असे पुरुष सुमारे ८१ टक्के, तर स्त्रिया सुमारे ६५ टक्केच होत्या. ही तफावत लाजिरवाणी खरीच. पण ती निदान दिसते तरी.

आमची उणीव दिसत नाही. गुजराती वा इंग्रजी शाळेतले आमचे मूल साक्षर गणले जाते. बालपणी आई त्याच्याशी मराठीत बोलली, म्हणून मातृभाषेच्या रकान्यातही ‘मराठी’च लिहिले जाते. आजीचे पत्र वाचताना ते अडखळते, याची नोंद कोठेच होत नाही.

ही गणना सरकारने नव्हे, आपणच घरोघरी करावयाची आहे. हिंदीमुळे देवनागरी मुलांच्या ओळखीची असतेच. रोज एक मराठी पान त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतले, तर ही उणीव भरून निघेल.