पाण्याआधी पोहोचणारी बातमी

पावसाळ्यात सांगलीत दोन आकडे लहानथोरांना तोंडपाठ असतात. कोयनेतून किती क्युसेक सोडले, आणि आयर्विन पुलाखाली किती फूट पाणी आहे. पहिला आकडा सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातून येतो, दुसरा कृष्णेवर १९२९ साली बांधलेल्या पुलावरून. कोयना धरणातून निघालेले पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि वळणे घेत सांगलीपर्यंत यायला त्याला साधारण एक दिवस लागतो. पुलाखाली ४० फूट झाले की इशारा, ४५ फूट झाले की धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले होते. गोठ्यातली जनावरे सोडायची, तळघरातला माल माडीवर चढवायचा, म्हाताऱ्या माणसांना हलवायचे, ते सारे या एका दिवसात. बातमी पाण्याच्या आधी आली तरच तो दिवस हाती लागतो. ती बातमी वाहून आणणारी सेन्सर, रेडिओ, उपग्रह, संगणक यांची जी साखळी आहे, तिच्याकडे धरणाला नंतर जोडलेली सोय म्हणून पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. ती धरणाचाच भाग आहे, भिंतीइतकाच आणि दरवाज्यांइतकाच. आणि या साखळीवर कोणते काम सोपवायचे, कोणते नाही, हे एका प्रश्नावर ठरवायला हवे: केलेली कृती मागे घेता येते का?

ही साखळी दिसायला साधी असते. धरणाच्या पाणलोटात डोंगरावर एक पर्जन्यमापक, नदीकाठी पातळी मोजणारा सेन्सर, शेजारी सौर पॅनेल आणि बॅटरी, एका पेटीत बसवलेले छोटे यंत्र. ते यंत्र ठरावीक वेळाने आकडा घेते, त्याला वेळेचा शिक्का लावते आणि मोबाइलच्या किंवा उपग्रहाच्या वाटेने पुढे धाडते. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या हायड्रॉलॉजी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाने कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी अशीच यंत्रणा उभारली. आकडे पुण्याला जमा होतात, तिथे नदीचे गणिती प्रारूप चालते आणि पुढच्या काही तासांत कुठे किती पाणी येईल याचा अंदाज निघतो. त्याआधी हेच काम धरणावरचे बिनतारी संदेशयंत्र आणि पातळी वाचणारा माणूस करत असे. कोसळत्या पावसात पट्टीवरचा आकडा बघून येणाऱ्या त्या माणसाच्या कामाची नोंद कुठल्या अहवालात ठळकपणे सापडत नाही. ती असायला हवी होती.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अगदी बारीक आहे. कारखान्यात असो वा धरणावर, सेन्सरकडून येणारा पारंपरिक विद्युत संकेत ४ ते २० मिलिअँपिअर असा असतो. मोजमापाच्या तळाला ४, माथ्याला २०. मग शून्यापासूनच सुरुवात का केली नाही? कारण शून्य हा आकडा राखून ठेवला आहे. टाकी रिकामी असेल तर तारेतून ४ मिलिअँपिअर येतील. तार तुटली असेल तर काहीच येणार नाही. ‘पाणी नाही’ आणि ‘मला माहीत नाही’ ही दोन उत्तरे वेगळी ठेवण्याची ही युक्ती आहे, आणि दूरनियंत्रणाची सारी विश्वासार्हता तिच्यावर उभी आहे. संगणकाच्या पडद्यावर मात्र हा भेद सहज पुसला जातो. बंद पडलेल्या केंद्राचा शेवटचा आकडा तसाच राहतो, आणि बघणाऱ्याला पातळी स्थिर आहे असे वाटते. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी तो किती मिनिटांपूर्वीचा आहे हे आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत दिसले पाहिजे.

पण सेन्सर गप्प न बसता खोटे बोलू लागला तर? अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात टॉम सॉक नावाचा वीजप्रकल्प आहे. रात्री पाणी डोंगरमाथ्यावरच्या तलावात चढवायचे, दिवसा खाली सोडून वीज करायची, आणि हे सगळे दूरवरून चालवायचे. पातळी मोजणारे सेन्सर ज्या नळीत बसवले होते ती नळी जागची सुटून वाकली, त्यामुळे आकडा खऱ्या पातळीपेक्षा कमी येऊ लागला. धोक्याची सूचना देणारे वेगळे सेन्सर होते, पण ते इतके उंच बसवलेले होते की त्यांना पाणी लागलेच नाही. १४ डिसेंबर २००५ च्या पहाटे पंप चालूच राहिले, पाणी काठावरून वाहिले आणि तलावाचा बांध फुटला. सुदैवाने कोणी दगावले नाही. तिथे तार शाबूत होती, संदेश वेळेवर पोहोचत होता. चुकीचा आकडाही बिनचूक पोहोचत होता.

आता कोयनेचीच वीज बघू. सह्याद्रीच्या पोटातून पाणी पश्चिमेला नेऊन पोफळी आणि परिसरातल्या वीजगृहांत जनित्रे फिरवायची, ही या प्रकल्पाची मूळ कल्पना. पहिला टप्पा १९६२ मध्ये सुरू झाला. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी शिवसागर जलाशयाच्या तळाला छेद देऊन पाणी घेतले गेले, आणि त्या टप्प्याने एकट्याने १,००० मेगावॅटची भर घातली. राज्यात संध्याकाळी विजेची मागणी चढते तेव्हा औष्णिक केंद्रे सावकाश चालतात, कोयना मात्र काही मिनिटांत भार उचलते. किती उचलायचा हे नवी मुंबईत ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून ठरते. संदेश पूर्वी उच्चदाब वाहिन्यांवरूनच जात. आता मनोऱ्यांच्या माथ्यावरच्या भूतारेत प्रकाशतंतू दडवलेले असतात. इथे दूरनियंत्रण मला पूर्णपणे मान्य आहे, कारण वाढवलेला भार पुढच्या पाच मिनिटांत उतरवता येतो. तरीही लक्षात ठेवण्याजोगे असे की, सर्वांत तातडीचा निर्णय या जाळ्यावर सोपवलेलाच नाही. वारंवारता ५० हर्ट्झपासून ढळली की जनित्राशेजारचा गव्हर्नर स्वतःच्या आसाचा वेग बघून पाणी कमीजास्त करतो. त्याला ऐरोलीला विचारावे लागत नाही. जे क्षणात करायचे ते यंत्राजवळ, ज्याला मिनिटे लागली तरी चालतील ते तारेवर, ही वाटणी वीज अभियंत्यांनी फार पूर्वी शहाणपणाने केली.

उपसा सिंचनात हीच वाटणी अधिक स्पष्ट दिसते. कराड तालुक्यातल्या टेंभूजवळ कृष्णेचे पाणी उचलायचे आणि पाच टप्प्यांत कडेगाव, खानापूर, आटपाडी करत सांगोल्यापर्यंत न्यायचे, ही टेंभू योजना. मिरज तालुक्यातून जतकडे पाणी चढवणारी म्हैसाळ योजना याच जातीची. किर्लोस्करवाडीसारखे पंपांचे गाव ज्या सांगली जिल्ह्यात १९१० साली वसले, त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडची तहान भागवायला एवढे पंप लागावेत यात एक न्याय आहे. अशा साखळीत तिसऱ्या टप्प्याचा पंप ट्रिप झाला आणि दुसऱ्याला ते कळले नाही, तर मधला हौद भरून वाहतो. दुसरा थांबला आणि तिसरा चालत राहिला, तर त्याचा हौद रिता होऊन पंप कोरडा पडतो. म्हणून एका टप्प्याची खबर शेजारच्या टप्प्याला आपोआप मिळणे आणि पंप आपोआप थांबणे अत्यावश्यक ठरते. तिथे माणसाच्या फोनची वाट बघणे हाच निष्काळजीपणा. पंप थांबला तर फार तर आवर्तन काही तास लांबेल, पीक तेवढे सहन करते.

धरणाचा दरवाजा याच्या दुसऱ्या टोकाला आहे. कोयनेचे सहा वक्र दरवाजे फूट-दीड फूट उचलले आणि चूक लक्षात आली, तर दरवाजा खाली घेता येतो, पण सुटलेले पाणी परत बोलावता येत नाही. म्हणून माझे म्हणणे असे: इथे यंत्रणेने भरपूर सांगावे, वारंवार सांगावे, सल्लाही द्यावा, पण दरवाजा उचलण्याचा हुकूम तिने परस्पर देऊ नये. हुकमाखाली एका नाव-हुद्द्याच्या माणसाची सही असावी.

यावर हरकत येते, आणि ती वजनदार आहे. माणूस घाबरतो, वरून येणाऱ्या फोनला बळी पडतो, धरण भरलेले दिसावे या मोहात पाणी अडवून धरतो. २०१९ नंतर ‘वेळेवर सोडले असते तर’ हे वाक्य सांगलीत घरोघरी ऐकू आले. मग निर्णय प्रारूपावरच का सोपवू नये? याचे एक उत्तर नदीच्या भूगोलात आहे. सांगलीची पातळी केवळ वरून येणाऱ्या पाण्याने ठरत नाही. शहराच्या खाली हरिपूरला वारणा मिळते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. त्या फुगल्या की कृष्णेला वाट मिळत नाही आणि पाणी आयर्विनखाली तुंबते. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी, वारणा या धरणांच्या विसर्गाची बेरीज करून उत्तर निघत नाही. प्रारूपाला यातले बरेचसे कळते, पण कुठल्या गावचा रस्ता अजून खुला आहे, कुठली बोट निघाली आहे, हे कळत नाही. दुसरे उत्तर माणसाच्या दुबळेपणाचे. तो खरा आहे, म्हणून त्याला नियमांनी बांधावे: कोणत्या तारखेला किती साठा, किती अंदाजाला किती विसर्ग, हे आधी लिहून ठेवलेले असावे. यंत्रणेने काय सुचवले, किती वाजता सुचवले आणि त्याने काय केले, याची नोंद पुसता न येण्याजोगी राहावी आणि ती लोकांना बघता यावी. निर्णय यंत्राकडे गेला की चुकीचा जाब कोणाला विचारायचा हेच उरत नाही. पूरग्रस्ताला तो जाब विचारता आला पाहिजे.

माझ्या निकषाला एक अडचण मी स्वतःच कबूल करायला हवी. वीज मागे घेता येते म्हटले, पण तिच्यासाठी सोडलेले पाणी पश्चिमेकडे वाशिष्ठी नदीत जाते. जुलै २०२१ मध्ये तिच्या काठचे चिपळूण बुडाले तेव्हा वीजनिर्मितीच्या पाण्याचा त्यात वाटा किती, यावरून वाद पेटला. म्हणजे ऐरोलीतला मेगावॅटचा आकडा अतिवृष्टीच्या दिवशी केवळ विजेचा राहत नाही. त्या दिवसांपुरता तरी तो दरवाज्याच्या वर्गात टाकावा आणि वाशिष्ठीची पातळी भार ठरवणाऱ्यांच्या समोर असावी. निकष बदलत नाही, कुठली कृती कुठल्या वर्गात बसते ते पावसाप्रमाणे बदलते.

दुसरी हरकत अशी की, नेमकी गरज असते तेव्हाच जाळे तुटते. २०२१ च्या त्याच जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या. अशा रात्री मोबाइलचे मनोरे आणि वीज दोन्ही जातात. शिवाय हा टापू भूकंपाचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा धक्का कोयनानगर विसरलेले नाही. एका घाटरस्त्याच्या कडेने गेलेल्या एकाच केबलवर विसंबणे इथे कधीच परवडणार नाही. उपग्रह, रेडिओ आणि जमिनीवरची तार अशा तिन्ही वाटा हव्यात, त्यांतली एक तरी बाहेरच्या विजेविना काही दिवस चालणारी हवी. बाहेरून होणाऱ्या घुसखोरीचा प्रश्नही काल्पनिक नाही. सन २००० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मारूची शायर भागात एका माजी कंत्राटी कर्मचाऱ्याने रेडिओवरून खोटे हुकूम धाडून मैलापाणी ओढ्यांत सोडले होते. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली तेव्हा राज्याच्या सायबर विभागाने घातपाताची शक्यता वर्तवली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक ठरवली. वाद कसाही मिटो. ज्या वाटेने आकडे येतात त्याच वाटेने हुकूम जाऊ शकत असतील तर ती वाट चोरालाही खुली आहे. दरवाज्यांच्या बाबतीत ती एकेरीच ठेवावी.

राहिला सीमेपलीकडचा भाग. २०१९ च्या पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीने त्याचा दोष कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर ठेवला नाही. अतिवृष्टी, नदीपात्रातली अतिक्रमणे आणि अडथळे यांवर बोट ठेवले. सांगलीकरांना तो निष्कर्ष सहज पटला नाही, आजही पटत नाही. जून २०२१ मध्ये तत्कालीन जलसंपदामंत्री जयंत पाटील बंगळुरूला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले, ते पुराच्या काळात दोन्ही राज्यांच्या धरणांचा मेळ बसावा म्हणून. ५१९.६ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरणाऱ्या अलमट्टीचा, हिप्परगी बंधाऱ्याचा आणि कोयनेचा आकडा एकाच पडद्यावर, एकाच वेळेच्या शिक्क्यासह, दोन्हीकडच्या लोकांना दिसला तर निम्मा संशय वितळेल असे मला वाटते. तो पडदा बसवायला धरण बांधण्याइतका खर्च येत नाही. खर्च येतो तो पुढची वीस वर्षे सेन्सरवरचा गाळ काढण्याचा, बॅटऱ्या बदलण्याचा, वाकलेली नळी सरळ करण्याचा. या कामाचे उद्घाटन होत नाही, म्हणून अंदाजपत्रकात पहिली कात्री त्यालाच लागते.

आयर्विन पुलावर फुटांचे आकडे रंगवलेले आहेत. पूर आला की लोक तिथे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी ते वाचतात. पडद्यावरचा आकडा आणि रंगवलेला आकडा यांत वीतभराचा जरी फरक पडला, तरी तो सगळ्यांत आधी त्यांच्या लक्षात येईल. दर पावसाळ्याआधी खात्यानेही हे दोन आकडे शेजारी ठेवून ताडून बघावेत, आणि फरक निघाला तर आधी सेन्सर तपासावा.