उपाहारगृहांतील पंक्ति

हिंगोलीच्या बाजारपेठेंतून सायंकाळीं फेरफटका मारूं लागलों म्हणजे आमच्या जुन्या शिक्षकी डोळ्यांना एक चूक हटकून खुपते. कित्येक पाट्यांवर 'उपहारगृह' असें लिहिलेलें असतें. संस्कृतांत 'उपहार' म्हणजे भेट, नजराणा. आणि 'उप' व 'आहार' मिळून होतो तो 'उपाहार', म्हणजे फराळ. पाटीचा अर्थ प्रमाण मानला तर आंत जाणाऱ्यास कांहीं तरी भेट मिळावयास हवी! ती मिळत नाहीं, बिल मिळतें, हें वाचकांस सांगावयास नको. परंतु आज आम्हांस व्याकरणाची तक्रार करावयाची नाहीं. या गृहांत अलीकडे जो पालट झाला आहे, त्याकडे आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांनीं कोणत्या दृष्टीनें पाहावें, याविषयीं दोन शब्द लिहावयाचे आहेत.

आमच्या आजोबांच्या काळीं बाहेर खाणें हें धर्मसंकट असे. प्रवासास निघतांना दुधांत भिजविलेल्या पिठाच्या दशम्या फडक्यांत बांधून घ्यावयाच्या. पाण्यांत भिजविलेली पोळी वाटेंत चालत नसे. १८९० सालीं पुण्यास गोपाळराव जोशी यांनीं प्रतिष्ठित मंडळींस पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानाच्या निमित्तानें नेलें, आणि तेथें पुढें आलेल्या चहाच्या पेल्यावरून केवढें ग्रामण्य माजलें, तें सर्वश्रुत आहे. टिळक व रानडे यांच्यासारख्यांनाहि प्रायश्चित्ताच्या प्रकरणास तोंड द्यावें लागलें. ज्या चहावांचून आज आमचें पहाटेचें पारायण सुरू होत नाहीं, त्या चहाची ही कथा!

पुढें काळ पालटला. मुंबईस इराण्यांच्या दुकानांतील संगमरवरी टेबलांभोंवतीं सर्व थरांतील लोक बसूं लागले. दादरास १९१० सालीं मामा काणे यांनीं मराठी फराळाचें दुकान थाटलें. माटुंग्यास १९४२ सालीं रामा नायक यांचें उडपी भोजनगृह निघालें. नोकरीनिमित्त घर सोडून आलेल्या तरुणांस या ठिकाणीं घरच्यासारखा घांस मिळाला. ब्राह्मण आचारी, सोंवळ्यांतला स्वयंपाक, हीच त्या काळीं अनेक खानावळींची जाहिरात असे, आणि आमचे वाडवडील त्या जाहिरातीवर विश्वासून आंत शिरत.

परंतु आपण आंत शिरत असतां दाराबाहेर कोण उभें होतें, याचा विचार त्यांनीं क्वचितच केला. गांवोगांवीं चहाच्या दुकानांत अस्पृश्यांसाठीं वेगळी कपबशी असे, ती त्यांनींच धुवून ठेवावयाची, आणि बसावयाचें तें बाहेर. रत्नागिरीस सावरकरांनीं १९३३ सालीं अखिल हिंदु उपाहारगृह काढलें, तें याच रूढीवर घाव घालण्यासाठीं. पुढें २६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अमलांत आली, आणि तिच्या पंधराव्या कलमानें दुकानें व सार्वजनिक उपाहारगृहें यांत धर्म, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासहि मज्जाव करतां येणार नाहीं, असें ठरविलें. अस्पृश्यता हा दंडनीय गुन्हा ठरविणारा स्वतंत्र कायदा १९५५ सालीं झाला. आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता. तेव्हां हें घटनेचें दान आमच्या पदरांत मुक्तीनंतर थोड्याच दिवसांत पडलें. हा सर्व इतिहास सांगण्याचें कारण असें कीं, उपाहारगृहाचें दार उघडावयास साठ-सत्तर वर्षें झगडावें लागलें. तें पुन्हा नकळत लोटलें जाऊं नये.

असें म्हणण्यास एक प्रसंग निमित्त झाला. गेल्या वैशाखांत नातवाच्या आग्रहास्तव आम्ही घरचीं अकरा माणसें अकोला-नांदेड महामार्गावरील एका नव्या हॉटेलांत जेवावयास गेलों. नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. अशीं हॉटेलें आतां अनेक आहेत. बाहेर हिरवळ, रंगीत दिव्यांच्या माळा, आंत थंड हवा, आणि भिंतीवर खोटी वेल. टेबलावर पदार्थांची यादी म्हणून कांहींच नव्हतें. काळ्यापांढऱ्या चौकड्यांचें एक चौकोनी चित्र तेवढें चिकटविलेलें होतें. नातवानें त्यावर मोबाईल धरला, आणि सारी पाकशाळा त्याच्या तळहातावर अवतरली.

हें चित्र म्हणजे क्यूआर संकेत. जपानांत डेन्सो वेव्ह या कारखान्यांत मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ सालीं तो शोधून काढला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठीं. काळ्यापांढऱ्या सोंगट्यांचा 'गो' नांवाचा खेळ खेळतांना हारा यांस ही कल्पना सुचली, असें सांगतात. आपल्याकडे २०१६ सालीं यूपीआय ही पैसे देण्याची पद्धति निघाली, तीहि याच चित्रावर स्वार होऊन पानपट्टीच्या टपरीपर्यंत पोहोंचली. २०२० च्या महामारींत एकानें हाताळलेली वस्तु दुसऱ्यानें हातीं घेऊं नये असें झालें. तेव्हां छापील यादी गेली व तिच्या जागीं हें चित्र आलें. साथ ओसरली, चित्र मात्र राहिलें. मालकाचीहि त्यांत सोय आहे: भाव बदलला तर नवी यादी छापावी लागत नाहीं, आणि नोकरहि कमी लागतात.

आमच्या शेजारच्या टेबलाशीं एक वृद्ध शेतकरी व त्याची पत्नी येऊन बसलीं. धोतरावर आणि नखांत पिवळा रंग होता. हळद विकून आलेलीं असावींत. वाढप्या मुलानें त्या चित्राकडे बोट दाखविलें व तो पुढें गेला. म्हाताऱ्यानें खिशांतून बटनांचा साधा मोबाईल काढला, चित्राकडे पाहिलें, पुन्हा मोबाईलकडे पाहिलें, आणि तो खिशांत ठेवून दिला. थोड्या वेळानें तो पत्नीस म्हणाला, "ऊठ, आपलं काम न्हाई इथं." त्याच्या कमरेस त्या दिवशींच्या हळदीचे पैसे असतील, तरीहि तो उपाशी उठत होता. कोणीं त्यास हांकलून दिलें नव्हतें. हॉटेलच्या मालकाच्या मनांतहि तसें नसेल. पण ती म्हातारी पदर सांवरून उठूं लागली, तेव्हां आम्हांस दाराबाहेर ठेवलेली ती वेगळी कपबशी आठवली.

आमचा नातू उठून त्यांच्याजवळ गेला. "आजोबा, बसा, मी वाचून दाखवतो," म्हणाला. म्हातारा म्हणाला, "बापू, भाकर अन् पिठलं असंल तर सांग. दुसरं काय वाचूं नको." यादींत पनीरचे प्रकार होते, मंचूरियन होतें, नूडल्स होत्या, भाकरी अगदीं शेवटीं सांपडली. ज्या मुलुखांत ज्वारी पिकते, जेथें येसराची आमटी, धपाटे व सुशीला घरोघर होते, तेथील भोजनगृहांत भाकरीला शेवटचें आसन! आणि तीहि इंग्रजींत लिहिलेली. महाराष्ट्रांत दुकानांवरील पाट्या मराठींत, देवनागरींत असाव्यात यासाठीं २०२२ सालीं कायदा दुरुस्त झाला. त्यामुळें बाहेरची पाटी मराठी झाली, पण आंतली यादी परकीच राहिली.

दुसरी गोष्ट गोंगाटाची. त्या दालनांत गाणीं इतक्या मोठ्यानें लागलीं होतीं कीं, समोर बसलेल्या सूनबाई काय म्हणतात तें आम्हांस ऐकूं येईना. साधें संभाषण साठ डेसिबलच्या आसपास असतें; भोंवतालचा आवाज त्याच्यावर चढला कीं माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवितो. लोंबार नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १९११ सालीं ही गोष्ट दाखवून दिली. एक टेबल ओरडतें म्हणून दुसरें ओरडतें, तें ओरडतें म्हणून तिसरें. त्यांतून फरशी, कांच व गुळगुळीत भिंती ध्वनि शोषून न घेतां परत फेंकतात. जाड पडदे, छतास कापडाचें वा लांकडाचें आच्छादन, आणि वाद्यांचा आवाज निम्म्यावर, एवढ्या उपायांनींहि पुष्कळ शांति मिळेल. आमच्याच जिल्ह्यांत औंढा नागनाथाजवळ दुधाळा येथें अतिदूरच्या ताऱ्यांच्या टकरींतून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा होणार आहे. २०२३ सालीं केंद्र सरकारनें तीस सुमारें २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तेथून थोड्या कोसांवर आम्हांस मात्र टेबलापलीकडची सून ऐकूं येऊं नये, ही मौज आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मास्तर नव्यावर रागावले आहेत. खरें सांगावयाचें तर आम्ही घरून निघतांना रागावण्याच्या तयारीनेंच निघालों होतों. परतल्यावर आम्ही मनांतील सारी तक्रार सौभाग्यवतींपुढें मांडली: भाव फार, गोंगाट फार, भाजींत तेल फार. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "तुमचं सगळं खरं. पण चाळीस वर्षांत आज पहिल्यांदा मी पहिल्या पंगतीला बसले, आणि पोळी गरम होती."

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. अकरा माणसांच्या घरांत पुरुष व मुलें आधीं जेवतात, वाढणाऱ्या मागून. आणि मागच्या पंगतीस निवलेलें अन्न येतें. हा पंक्तिभेद आम्ही नित्य पाहत होतों, पण तो भेद आहे असें आम्हांस कधीं दिसलेंच नाहीं. अन्नाची निंदा करूं नये व दाराशीं आलेल्यास परत पाठवूं नये, हा तैत्तिरीय उपनिषदांतील उपदेश आम्हीं मुलांकडून अनेकदां पाठ करून घेतला. घरांतल्या माणसास गरम पोळी द्यावी, हें मात्र आम्हांस हॉटेलानें शिकविलें. तेव्हांपासून आमच्या घरीं रविवारीं रात्रीं सर्वजण एकदम बसतात. भांडीं मध्यें ठेवून ज्याचें त्यानें वाढून घ्यावयाचें. पहिल्या दिवशीं आमच्या हातून आमटी सांडली, ती गोष्ट वेगळी.

म्हणून कुटुंबवत्सल वाचकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, उपाहारगृहांत अवश्य जावें, पण डोळे उघडे ठेवून जावें. अन्नसुरक्षेचा चौदा अंकी परवाना क्रमांक दर्शनी भागीं आहे कीं नाहीं, तें पाहावें. बिल मागून घ्यावें व वाचावें. सेवाशुल्क म्हणून कांहीं रक्कम आपोआप जोडली असेल तर ती देणें बंधनकारक नाहीं. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तसें स्पष्ट केलें असून दिल्ली उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें त्या उचलून धरल्या. तक्रारीसाठीं १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा क्रमांक आहे. वाढणाऱ्या मुलास स्वखुशीनें चार रुपये द्यावे, ते त्याच्या हातांत द्यावे. जेवतांना मोबाईल पालथा ठेवावा. आणि शेजारीं कोणी त्या चित्राकडे पाहत गोंधळलेला दिसला, तर उठून वाचून दाखवावें.

मालकांसहि एक विनंति होती, ती आम्हीं स्वतःच जाऊन केली. पुढच्या आठवड्यांत आम्ही त्या हॉटेलांतील सर्व पदार्थ व त्यांचे भाव मराठींत, ठळक अक्षरांत, चार पुठ्ठ्यांवर लिहून घेऊन गेलों. भाकरी आणि पिठलें आम्हीं पहिल्या ओळींत घातलें होतें. मालक तरुण गृहस्थ, त्यांनीं पुठ्ठे निरखून पाहिले, थोडे ओशाळले, आणि म्हणाले, "सर, हें माझ्या ध्यानांतच आलं नाहीं. माझ्या वडिलांनाहि तें चित्र वाचतां येत नाहीं." आतां तीं चार पुठ्ठ्यांचीं पानें कांचकागदांत घालून गल्ल्याजवळ टांगलेलीं असतात, आणि मागेल त्यास मिळतात.

बाहेरच्या पाटीवर मात्र अजून 'उपहार'च आहे. त्याविषयीं आम्ही अद्याप कांहीं बोललों नाहीं.